अर्लची लेक, सरदाराची लेक

जुन्या काळी स्कॉटलंडचे सरदार आपली लेकरं एकमेकांच्या घरी वाढवायला पाठवत. त्यातून घराणी जोडली जात. पण या सरदारांवर हुकूमत असलेला बलाढ्य अर्ल डंकन, ज्या सरदाराचा त्याला भरवसा वाटत नसे, त्याचंच मूल मागून नेई, म्हणजे तो सरदार मुकाट राही.

एके दिवशी तो अ‍ॅलन किनमॉर या सरदाराच्या गढीत आला आणि त्याने त्याची सात वर्षांची लेक इसोबेल मागितली. अ‍ॅलनने मान खाली घातली. त्याची बायको मरियन पुढे आली.

"महाराज, पोर लहान आहे. नीट सांभाळाल ना?"

"अहो बाई, पोटच्या लेकीसारखी वाढवीन!" अर्ल सगळ्यांसमोर गरजला.

"मग चिंता मिटली. इसोबेल तुमची लेक, तर तुमची लेक माझी. रीत दोन्हीकडून चालते. तिला आजच पाठवा."

"माझी मार्गारेट? परक्या घरी? एवढंसं मूल आईवाचून राहील कसं?"

मरियन हळूच म्हणाली, "हेच विचारायचं मला धाडस होत नव्हतं, महाराज. आता तुम्हीच विचारलंत, तर उत्तरही तुम्हीच द्या."

सगळे अर्लकडे बघू लागले. मग त्याने घोडा मागवला आणि एकटाच परत गेला.