हिरूबाईची पोटरी

खाडीकाठच्या एका गावात चांगोजी आणि हिरूबाई हे जोडपं राहत असे. दोघंही मिठागरात राबत. आपल्या रापलेल्या अंगाचा चांगोजीला मोठा अभिमान. भर दुपारी तो उघड्या पाठीनं मीठ ओढी आणि सदरा घालणाऱ्यांना हसे. "ऊन सोसत नसेल तर घरी बसून पाळणा हलव," म्हणे.

दिवाळीच्या पाडव्याला हिरूबाई त्याला पाटावर बसवून तेल लावी. रीतच तशी, बायकोनं नवऱ्याला लावायचं. एका पाडव्याला तिचा हात त्याच्या खांद्याखाली थांबला.

"हा तीळ गेल्या साली एवढा नव्हता."

"माझे तीळ काय मोजून ठेवतेस?"

"मी नाही बघणार तर कोण बघणार?"

ती त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तीळ काढून तपासायला पाठवला. कर्करोगाची सुरुवात निघाली. "वेळेवर आणलंत," त्या हिरूबाईला म्हणाल्या. "दुपारचं ऊन टाळा, अंग झाकून काम करा. आणि दर वर्षी दोघांचीही कातडी तपासून घ्या."

चांगोजी वाचला. सदरा घालू लागला. तपासणीला मात्र एकटाच जाई. दोघं गेलो तर आगर कोण बघणार, म्हणे.

पुढं एका पाडव्याला तेल लावता लावता हिरूबाई म्हणाली, "अहो, माझ्या पोटरीला मागं काहीतरी खरखरतंय. बघता का जरा?"

"मिठानं चिरलं असेल. तू पाठ चोळ आधी, पाणी निवतंय."

तिनं पाठ चोळली. पुन्हा विचारलं नाही.

पोटरीतून रक्त येऊ लागलं, ती लंगडू लागली, तेव्हा तो तिला घेऊन गेला.

"हा डाग कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं.

डाग काळा होता, कडा वेड्यावाकड्या. चांगोजी वाकून बघू लागला.

"त्यांना कुठलं ठाऊक," हिरूबाई हसून म्हणाली. "बांधावरून ते पुढं चालतात, मी मागं."

रोग आत पोचला होता. घरी येताना चांगोजीनं तिला पुढं घातलं आणि तिच्या पायाकडे बघत तो मागून चालत राहिला. मिठाचा हंगाम सरायच्या आत ती गेली.

तात्पर्य: जे माणूस आपल्याकडे बघतं, त्याच्याकडेही कुणीतरी बघावं लागतं. कडक ऊन टाळावं, बदललेला तीळ किंवा न भरणारी जखम लगेच डॉक्टरांना दाखवावी, आणि दर वर्षीच्या तपासणीला एकट्यानं जाऊ नये.