टिचकूचा ढाण्या

अंगणात एक बाज होती. बाजेपाशी ढाण्या नावाचा कुत्रा होता. आणि ढाण्याच्या कुशीत टिचकू होतं.

टिचकू म्हणजे कोंबडीचं पिल्लू. एवढंसं. पिवळं. मऊ मऊ.

टिचकूला आई नव्हती. ढाण्या होता.

रोज दुपारी ढाण्या आडवा व्हायचा. टिचकू त्याच्या कुशीत शिरायचं. ढाण्याचं पोट वर-खाली, वर-खाली. टिचकूही वर-खाली, वर-खाली. मग गाढ झोप.

एक दिवस काय झालं?

ढूम! ढडाम ढूम!

ढाण्या उठला. ढाण्या पळाला. थेट बाजेखाली!

आणि टिचकू? टिचकू पडलं. टुपुक!

टिचकू बाजेपाशी गेलं. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ढाण्या, ढाण्या, बाहेर ये."

"नाही येत."

"का नाही येत?"

"ढोल फार मोठ्यानं वाजतो. मला भीती वाटते. ढोल हळू वाजला, तर येईन."

टिचकूनं वाकून पाहिलं. ढाण्याची शेपटी पायांत होती. कान खाली होते. एवढा मोठा ढाण्या, पण एवढासा झाला होता.

"बरं," टिचकू म्हणालं. "तू इथेच थांब."

टिचकू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु.

लिंबाखाली धोंडूमामा ढोल वाजवत होता. ढूम! ढडाम ढूम!

"धोंडूमामा, धोंडूमामा,
ढाण्या बाहेर येत नाही,
मला झोपायला कूस नाही!
ढोल हळू वाजव ना."

धोंडूमामा हसला. "हा हा हा! नाव ढाण्या, आणि ढोलाला भितो?"

"भितो," टिचकू म्हणालं. "पण माझा आहे."

धोंडूमामाचं हसू थांबलं.

"बाळा, जत्रा तोंडावर आली. ढोल तर वाजवायलाच हवा. पण हे बघ माझं टिपरू, ढोल वाजवायची काठी. कसं टणक आहे! टिपराला चिंधी गुंडाळली, तर हळू वाजवेन."

टिचकू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओट्यावर ठकूकाकू गोधडी शिवत होती.

"ठकूकाकू, ठकूकाकू,
टिपराला चिंधी मिळत नाही,
ढोल हळू वाजत नाही,
ढाण्या बाहेर येत नाही,
मला झोपायला कूस नाही!
एक चिंधी दे ना."

ठकूकाकूनं गाठोडं सोडलं. आतून एक हिरवं लुगडं काढलं. जुनं. मऊ मऊ.

"हे माझ्या आईचं," काकू म्हणाली. "ढाण्यासाठी देईन. पण टराटरा फाडणार नाही हो. नीट कापूनच देईन. आणि माझी कात्री तर बोथट झाली. कात्रीला धार लागली, तर देईन."

टिचकू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोपऱ्यावर कासमचाचा बसला होता. तो सुरीला धार लावायचा. विळीला धार लावायचा. कात्रीलाही धार लावायचा.

"कासमचाचा, कासमचाचा,
काकूची कात्री कापत नाही,
टिपराला चिंधी मिळत नाही,
ढोल हळू वाजत नाही,
ढाण्या बाहेर येत नाही,
मला झोपायला कूस नाही!
कात्रीला धार लाव ना."

"लावली असती रे राजा," कासमचाचा म्हणाला. "पण माझं चाक बघ. सकाळपासून रुसलंय. कुईं म्हणतं आणि थांबतं. त्याला तेल मिळालं, तर लावेन."

टिचकू निघालं. तुरुतुरु, तुरुतुरु.

पलीकडे तेलाचा घाणा होता. घाण्याला पवळ्या बैल जुंपला होता. पवळ्या गोल गोल चालायचा. घाणा गोल गोल फिरायचा. मग तेल यायचं.

पण आज पवळ्या उभाच!

"पवळ्यादादा, पवळ्यादादा,
चाचाचं चाक फिरत नाही,
काकूची कात्री कापत नाही,
टिपराला चिंधी मिळत नाही,
ढोल हळू वाजत नाही,
ढाण्या बाहेर येत नाही,
मला झोपायला कूस नाही!
थोडं चाल ना."

"कसा चालू?" पवळ्या म्हणाला. "माझ्या कानावर गोमाशी बसली. ती चावते. शेपटी तिथे पोचतच नाही!"

पवळ्यानं शेपटी फिरवली. सप! सप! खरंच पोचली नाही.

"मग रोज कोण उडवतं तिला?"

"रोज? रोज ढाण्या भुंकतो. भुंकला की ती उडते. आज ढाण्या कुठे आहे? ढाण्या भुंकला, तर चालेन."

टिचकूनं डोळे मोठे केले.

ढाण्या! पुन्हा ढाण्याच!

टिचकू मागे फिरलं. तुरुतुरु, तुरुतुरु. आणि बाजेपाशी आलं.

"ढाण्या, ढाण्या,
गोमाशी काही उडत नाही,
बैल पुढे चालत नाही,
चाचाचं चाक फिरत नाही,
काकूची कात्री कापत नाही,
टिपराला चिंधी मिळत नाही,
ढोल हळू वाजत नाही,
तू बाहेर येत नाहीस,
मला झोपायला कूस नाही!
एकदा भुंक ना."

ढाण्यानं एक डोळा उघडला.

"सगळे माझ्यासाठी थांबलेत?"

"सगळे."

"पण मला बाहेर यायची भीती वाटते."

"मग नको येऊस. तिथूनच भुंक."

"एकट्यानं?"

"नाही," टिचकू म्हणालं. आणि ते बाजेखाली गेलं. ढाण्याच्या दोन पायांच्या मधे जाऊन बसलं.

ढाण्या भुंकला. "भु."

"अजून थोडं," टिचकू म्हणालं.

"भुक्."

"अजून थोडं."

ढाण्यानं मोठ्ठा श्वास घेतला.

"भो!"

बाज हलली. टिचकूची पिसं उडाली. लिंबावरचे कावळे उडाले.

"हा माझा आवाज?" ढाण्यानं विचारलं.

"तुझाच!" टिचकू म्हणालं. "ढोलापेक्षा मोठ्ठा!"

आणि मग काय झालं?

ढाण्या भुंकला, भो!
गोमाशी उडाली, भुर्र!
बैल चालला, खुळखुळ खुळखुळ.
घाणा फिरला, कर्र कर्र.
तेल आलं, टिप टिप.

टिचकूनं चोचीत एक थेंब धरला. तुरुतुरु नेला. चाचाच्या चाकावर सोडला.

"एवढंसंच?" कासमचाचा म्हणाला. "अरे, बस झालं की!" काकू कात्री घेऊन आली.

चाक फिरलं, गर्र गर्र.
धार लागली, सर्र सर्र.
कात्री चालली, कचक कचक.

काकूनं तीन चिंध्या कापल्या. सरळ. नीट. धोंडूमामानं तिन्ही टिपराला गुंडाळल्या.

आणि ढोल वाजला.

ढप.

बाजेखाली ढाण्याचा एक कान उभा राहिला. काकूनं भाकरीचा तुकडा टाकला. ढाण्यानं खाल्ला.

ढप. अजून एक तुकडा.

ढप. अजून एक!

"भीती वाटली?" टिचकूनं विचारलं.

"एवढीशी," ढाण्या म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मामानं एक चिंधी सोडली. ढुप! बाजेखालून ढाण्याचं नाक बाहेर आलं. भाकरीचा तुकडा मिळाला.

मग अजून एक चिंधी सोडली. ढुम! नाकामागून दोन पाय बाहेर आले. भाकरीचा मोठा तुकडा मिळाला.

कुणी त्याला ओढलं नाही. कुणी त्याला रागावलं नाही. धोंडूमामा तर एकदाही हसला नाही.

मग शेवटची चिंधी सुटली.

ढूम!

ढाण्या थरथरला. त्याचे पाय थरथरले. शेपटी थरथरली. पण तो पळाला नाही. टिचकू त्याच्या पायाशी उभं होतं.

ढूम! ढोल म्हणाला.

भो! ढाण्या म्हणाला.

ढूम!

भो!

आणि ढाण्या बाहेर आला. नाक, पाय, पोट, शेपटी. सगळा ढाण्या!

"शाब्बास रे वाघा!" धोंडूमामा ओरडला.

काकूनं हिरवी चिंधी उचलली. झटकली. ढाण्याच्या गळ्यात बांधली. मग जरा वेळ बघत राहिली.

"छान दिसते," ती म्हणाली. "आईला आवडलं असतं."

जत्रा आली. धोंडूमामा ढोल वाजवत निघाला. ढूम! ढडाम ढूम!

आणि ढोलाच्या पुढे कोण? ढाण्या! मान वर. शेपटी वर. गळ्यात हिरवी चिंधी. पाठीवर पिवळं टिचकू.

ओट्यावरून काकूनं पाहिलं. कोपऱ्यावरून चाचानं पाहिलं. पवळ्यानं मान हलवली, खुळखुळ.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "अरे वा! हा कुणाचा कुत्रा?"

धोंडूमामानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच एक बारीक आवाज आला.

"माझा!"

घरी आल्यावर ढाण्या आडवा झाला. बाजेखाली नाही. अंगणात, मधोमध. टिचकू कुशीत शिरलं. हिरव्या चिंधीवर डोकं टेकलं.

लांब ढोल वाजत होता. ढूम, ढूम.

ढाण्याचं पोट वर-खाली, वर-खाली. टिचकूही वर-खाली, वर-खाली.

टिचकूला कूस मिळाली. गोष्टही कुशीत निजली.