गुणाजीने मासे नांदवले

खाडीच्या काठी एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा नवरा होता. भोळे नवरे गावोगाव असतात, पण हा द्वारकेच्या वाट्याला आला होता. सांगितलं तेवढं अगदी मन लावून करायचा. मग जे व्हायचं ते द्वारकेने निस्तरायचं.

द्वारकेने घराच्या दोन खोल्या रंगवल्या आणि पाहुण्यांना राहायला द्यायचं ठरवलं. शेजारी जाऊबाईंच्या खोल्या बारा महिने भरलेल्या. हिच्याकडे चिटपाखरू नाही. शेवटी एकदा सांगलीहून आरवाडेकाकूंचा फोन आला.

"आम्ही चौघं आधी येऊन बघतो. आवडलं तर दिवाळीत आमच्या मंडळाच्या चाळीस बायका पाळीपाळीने घेऊन येते. आम्ही मासे खात नाही हो, पण बघायला फार आवडतात."

चाळीस बायका! द्वारकेने पुढच्या खोलीत काचेची ही मोठी टाकी बसवली. समुद्राचं पाणी गाळून भरलं, हवेचा पंप लावला आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, यात सोडायला मासे आणा. शांत हवेत. एकमेकांशी भांडणारे नकोत. कळलं?"

"कळलं."

गुणाजी बंदरावर गेला. टोपलीत बांगडे होते. तो तासभर टोपलीपाशी उकिडवा बसून बघत राहिला. एवढी दाटी, पण एकाने दुसऱ्याला धक्का मारला नाही. त्याने टोपलीच उचलली.

दुसऱ्या दिवशी टाकीला असा वास सुटला की जाऊबाईंनी कुंपणावरून नाकाला पदर लावून विचारलं, "काय गो द्वारके, पाहुणे कधीपासून आलेत?"

द्वारका घरात वळली. "अहो, मेलेले मासे कुणी शोभेला ठेवतं? काही आणायचं तर आधी जिवंत आहे का बघावं! वळवळताना दिसलं तरच घ्यावं!"

"असं आधी सांगायचं," गुणाजी म्हणाला.

त्याच संध्याकाळी तिने त्याला पाहुण्यांसाठी तूरडाळ आणायला धाडलं. वाण्याकडे तीन पोती होती. दोन पोत्यांतली डाळ नुसती पडून होती. तिसऱ्यातली चालत होती. गुणाजीने तिसऱ्यातली पाच किलो घेतली.

"बघ गो, कशी वळवळतेय! पिशवीतून बाहेर यायला बघतेय."

द्वारकेने कपाळावर हात मारला. "असलं काही घरात आलं की आधी उन्हात पसरावं, सुपात घेऊन पाखडावं, मगच डब्यात भरावं. एवढं साधं कळू नये माणसाला?"

"आता कळलं की."

मग तिने त्याला तालुक्याला हसनभाईच्या दुकानात पाठवलं. हसनभाई शोभेचे मासे विकायचा. त्याने पांढऱ्या पट्ट्यांचे केशरी, इवलेसे सहा मासे पिशवीत घालून दिले. द्वारका परसातून पुढे येते तो काय! गुणाजी अंगणात उन्हाला बसलेला, हातात सूप, तीन मासे सुपात, तीन हवेत.

"अहो, काय करताय हे?"

"पाखडतोय. किडा एकही निघाला नाही. माल चांगला दिलाय."

तिने सूप हिसकावलं आणि टाकीत उपडं केलं. मासे नशिबाचे दांडगे. सहाच्या सहा वाचले.

"आता एकच मासा आणा. मोठा, देखणा. पाहुण्यांनी बघतच राहावं असा. आणि तोंड उघडून विचारा, हा भांडतो का म्हणून. भांडत नाही म्हणाला तरच घ्या."

हसनभाईकडे एका टाकीत सिंहमासा होता. अंगभर तपकिरी पट्टे, भोवती पिसारा, आणि तोरा असा की जणू गावचा खोतच.

"हा भांडतो का?" गुणाजीने विचारलं.

"भांडत नाही. पण..."

पणच्या पुढचं ऐकायला द्वारकेने सांगितलं नव्हतं. गुणाजीने मासा घेतला.

हसनभाई खोटं बोलला नव्हता. सिंहमासा कुणाशी भांडला नाही. तो सावकाश एकेकाजवळ जायचा, तोंड उघडायचा, तोंड मिटायचा. सकाळी टाकीत सात मासे होते. संध्याकाळी एक होता, आणि तो जरा सुस्तावला होता.

"बघ," गुणाजी म्हणाला, "भांडण नाही, तंटा नाही."

पाहुणे यायला चार दिवस उरले. द्वारकेने एका हातात सिंहमाशाची बादली धरली, दुसऱ्या हातात नवऱ्याचं मनगट, आणि हसनभाईच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"भाभी, मी 'पण...' म्हणालो होतो!" हसनभाई आधीच ओरडला. "तोंडात मावेल त्याला हा गिळतो. लहानांत मोठ्या तोंडाचा ठेवायचाच नाही." त्याने सिंहमासा परत घेतला आणि एकमेकांशी जमवून घेणारे पाच लहान मासे दिले. "आणि गुणाजी, नीट ऐक. नवीन आलेल्याला एकदम आत घ्यायचं नाही. बिचारा घाबरतो. आधी दिवे बंद. मग पिशवीसकट पाण्यावर तरंगू दे. दर दहा मिनिटांनी वाटीभर खारं पाणी पिशवीत घाल. हळूहळू सवय होते. चिडका असेल त्याला सगळ्यांच्या शेवटी सोडायचं."

गुणाजीने घरी येऊन सगळं तस्संच केलं. वाटी वाटी मोजून. पाचही मासे टाकीत फिरायला लागले, आणि लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर द्वारका पहिल्यांदा म्हणाली, "शाबास!"

रविवार उजाडला. द्वारका केळीची पानं आणायला वाडीत निघाली. "पाहुणे आले तर माझी वाट बघू नका. घरात घ्या."

"माशांना घेतलं तसं?"

"हो, तस्सं! तेवढ्याच काळजीने."

ती पानं घेऊन परत आली तर अंगण रिकामं. घराचे दिवे बंद. खाडीकडून आरडाओरडा.

होड्या ओढतात त्या उतारावर, गुणाजीने हात दाखवून उतरवलेली, पाहुण्यांची गाडी उभी होती. एक फट सोडून काचा बंद, आत चौघं. भरती चढत होती, पाणी दारांना लागलं होतं आणि गाडीचं मागचं अंग हलके हलके डुलत होतं. गुणाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून एका काचेच्या फटीतून वाटी रिकामी करत होता.

पहिल्या वाटीला काकूंनी हात जोडले होते. कोकणातली पद्धत असेल! दुसरी वाटी काकांच्या चष्म्यावर गेली, तरी ते सोसून बसले. आता तिसरी चालली होती, आणि मागच्या सीटवरची काकूंची सासू काठीने काच बडवत होती.

"अहोऽऽ!" द्वारकेच्या हातातली पानं गळाली.

"ओरडू नको, घाबरतील," गुणाजी हळूच म्हणाला. "म्हातारी चिडकी आहे. तिला शेवटी सोडणार."

गाडी ओढून काढायला अर्धं गाव लागलं. काकू उतरल्या, साडी पिळली आणि द्वारकेकडे न बघता सरळ जाऊबाईंच्या अंगणात शिरल्या. पाठोपाठ काका. पाठोपाठ मुलगा. सगळ्यांच्या शेवटी सासू. दिवाळीच्या चाळीस बायका त्याच दारातून आत जाणार, हे द्वारकेला तिथेच कळलं. ती ओल्या वाळूत मटकन बसली.

गुणाजी तिच्याशेजारी बसला. वाटी धोतराला पुसली.

"मनाला लावून घेऊ नको," तो म्हणाला. "आपलं काही चुकलं नाही. सांगलीचे ते, गोड्या पाण्यातले. खाऱ्या पाण्यात टिकायचे कसे?"