अर्ध्या वडाची पूजा

वडाच्या अल्याड एक राजा, पल्याड दुसरा. आधी त्यांची सणांची बोलावणी थांबली, मग बाजार बंद झाले, शेवटी सरहद्द वडाच्या बुंध्यातूनच गेली.

वटपौर्णिमेला अल्याडच्या राजाने बायकांना बजावलं, "पलीकडे पाऊल टाकेल ती कैदेत. अर्धाच वड पुजा."

साऱ्यांची तोंडं उतरली. म्हाताऱ्या गोदूकाकू मात्र हात जोडून म्हणाल्या, "महाराज, पहिल्या फेरीचा मान राणीसाहेबांचा. अर्ध्यातून माघारी फिरल्या की गुंडाळलेला दोरा सुटणार. सात जन्मांतले किती सोडायचे, तेवढं सांगा."

राणीही राजाकडे बघत थांबली.

राजाने सरहद्दीवरचा पहारा हटवला. पल्याडची राणी तशीच दोरा धरून खोळंबली होती. दोघींनी एकमेकींना कुंकू लावलं. अशी वाट सगळ्याच शेजाऱ्यांना सापडो.