महिनाभराची मोपेड

एकदा एक धान्याचा व्यापारी आपल्या मृत मुलाची चेंदामेंदा झालेली मोटारसायकल टेम्पोत घालून एका वृद्ध कारागिराच्या दारी आला. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या त्या गावात या कारागिराला सगळे वस्ताद म्हणत. मोपेड, जुन्या स्कूटर, दूधवाल्यांच्या लहानसहान फटफट्या एवढीच वाहने ते दुरुस्त करीत. दांडग्या, वेगवान गाड्यांना हात लावीत नसत.

त्यांचा शिष्य परशराम बारा वर्षे त्यांच्या हाताखाली होता. टेम्पोतली गाडी त्याने पाहताच ओळखली. व्यापाऱ्याचा मुलगा निनाद पाच महिन्यांपूर्वी घाटातल्या तिसऱ्या वळणावर अपघातात गेला होता. त्याच्या आधी पंधरा दिवस तो हीच गाडी घेऊन इथे आला होता. गाडी आणखी जोरात पळावी असे इंजिनात काही करून द्या म्हणत होता. वस्तादांनी साफ नकार दिला. परशरामने मात्र एका रविवारी, वस्ताद परगावी असताना, ते काम करून दिले. आपल्यालाही मोठ्या गाड्यांतले कळते, हे त्याला स्वतःला दाखवायचे होते. पुढे जे घडले त्यानंतर त्याने कोणापाशीही तोंड उघडले नव्हते.

"होती तशी करून द्या," व्यापारी म्हणाला. "अंगणात उभी करायचीय."

वस्तादांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "होईल, शेटजी. पण सुटे भाग यायला महिना लागेल. आणि माझी एक अट आहे. तोवर तुमची मोटार घरी राहू द्या. बाजाराला जाल तेव्हा ही मोपेड न्या."

कोपऱ्यात पन्नास सीसीची, पायडल मारून चालू करायची एक जुनी मोपेड उभी होती. व्यापारी रोज घाट चढून वरच्या गावच्या बाजाराला जाई, तेही काचा बंद केलेल्या मोटारीतून.

"हिच्यावरून घाट? कशासाठी?"

"काम माझं, म्हणून अट माझी."

दुःखाने माणूस हट्टी होतो, तसा कधी कधी आज्ञाधारकही होतो. व्यापारी वाद न घालता मोपेडवर बसला.

परशराम गोंधळून गेला. सुटे भाग जिल्ह्याच्या गावी दोन दिवसांत मिळत होते. बारा वर्षांत वस्ताद गिऱ्हाइकाशी खोटे बोललेले त्याने ऐकले नव्हते. त्याच दुपारी वस्तादांनी मोटारसायकलचे इंजिन खोलले, बराच वेळ आत पाहिले, मग तिच्यावर ताडपत्री टाकली आणि हात धुतले. परशरामला काही विचारले नाही. दिवस जाऊ लागले, पण ताडपत्री निघाली नाही.

व्यापारी मात्र रोज सकाळी गॅरेजवरून जाई. पूर्वी त्याची मोटार केव्हा गेली ते कळतही नसे. आता मोपेडची फटफट लांबून ऐकू येई, मग तो दिसे, आणि दिसतच राही. पाठ वाकलेली, नजर समोरच्या चाकावर. परशराम हातातले काम टाकून आत जाई.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी व्यापारी परतताना गॅरेजपाशी थांबला आणि तिथल्या बाकड्यावर बसला. त्याच्या मांडीवर पेरूंची पिशवी होती.

"त्या वळणावर एक म्हातारी पेरू विकते, तान्हुबाई," तो म्हणाला. "पाच महिने मी तिच्यापुढून मोटारीतून गेलोय. ती रोज हात करायची. मला वाटायचं, पेरू घ्या म्हणते."

वस्ताद हातातला पाना खाली ठेवून त्याच्याजवळ बसले.

"मोपेडवर बसल्यापासून मी तिथं मानच वर करत नव्हतो. आज नेमका तिच्यापुढं गाडीचा दम संपला. उतरून ढकलू लागलो, तर तीही एक हात लावून बरोबर चालायला लागली. म्हणाली, 'तुमीच त्या पोराचं वडील न्हवं? किती दिस हाक मारतेय तुमास्नी.'" व्यापाऱ्याने पिशवी बाजूला ठेवली. "निनाद लगेच गेला नव्हता, वस्ताद. अर्धा तास होता. तिच्या मांडीवर डोकं ठेवून. तिनं पाणी पाजलं त्याला. मी समजत होतो, माझं पोर रस्त्यावर एकटं गेलं."

"काही बोलला?"

"म्हणाला, पप्पांना गाडीचं सांगू नका, रागावतील."

व्यापाऱ्याने पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

"मी रागावलो असतो," व्यापारी म्हणाला. "खरंच रागावलो असतो." मग तो उठला. "ती गाडी आता करू नका. ही मोपेड तेवढी राहू द्या माझ्याकडे."

तो गेल्यावर परशरामने विचारले, "वस्ताद, तुम्हाला म्हातारीचं ठाऊक होतं?"

"नाव ठाऊक नव्हतं. पोराजवळ कोणी तरी होतं, एवढं रस्त्यावर कानांवर आलं होतं. ते मी सांगितलं असतं, तर ती नुसती ऐकीव बातमी झाली असती. परशा, वेगात जाणाऱ्याला दुःख गाठत नाही असं आपल्याला वाटतं. असेलही तसं. पण मग सांत्वनही त्याला गाठू शकत नाही. लहान गाडीचं बळ थोडं असतं, म्हणून ती वाटेतल्या माणसांच्या हाताशी राहते. तिला कोणी हाक मारली तर ऐकू येते. ती अडली तर एखादी म्हातारीसुद्धा हात लावू शकते. शेटजींना तेवढंच हवं होतं."

"म्हणून महिन्याचं खोटं बोललात?"

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिले. "महिना मी दोघांसाठी मागितला होता. त्यांना ऐकायला वेळ हवा होता, आणि तुला बोलायला. इंजिन मी पहिल्याच दिवशी खोललंय."

परशरामने ताडपत्रीकडे पाहिले. वस्ताद त्याला एक शब्दही रागाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर त्याला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी तो व्यापाऱ्याच्या दुकानी गेला आणि पोत्यांच्या थप्पीपाशी उभा राहून सगळे सांगितले. कोणत्या रविवारी, काय बदलले, निनाद किती खूश होऊन गेला, काहीच वगळले नाही. व्यापारी ऐकत राहिला.

"तू सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं," शेवटी तो म्हणाला.

"नसतं कळलं."

"मग का सांगितलंस?"

"तुम्ही मोटारीतून जात होता तेव्हा तोंड चुकवता येत होतं, शेटजी. आता तुम्ही रोज किती तरी वेळ समोर दिसता."

व्यापाऱ्याने मान फिरवली. "जा तू आता," एवढेच तो म्हणाला.

त्याने क्षमा केली की नाही, ते गावाला कधी समजले नाही. चार दिवस मोपेड गॅरेजसमोरून न थांबता गेली. ते चारही दिवस परशराम आत गेला नाही, दारातच उभा राहिला. पाचव्या दिवशी ती थांबली. व्यापारी उतरला. त्याने परशरामकडे पाहिले नाही.

"ब्रेक नीट लागत नाही," तो म्हणाला. "परतताना घाट उतरायचाय. बघ जरा."

परशराम गुडघे टेकून चाकापाशी बसला. आणि ब्रेक होईपर्यंत व्यापारी तिथेच, त्याच्या शेजारी, उभा राहिला.