घोटणवाडीचा कच्चा कागद

घोटणवाडीत हाताने कागद करणारी आता सातच घरं उरली आहेत. या घरांमध्ये प्रत्येक खेपेला एक कागद खळ न लावता, न घोटता बाजूला ठेवतात. त्याला कच्चा कागद म्हणतात. गावात चित्रकार आला की तो त्याच्या हाती देतात. अट एकच, चित्र पुरं झालं की त्याने ते स्वतःच्या हाताने लगद्याच्या हौदात सोडायचं. पाहुणे कुरकुरतात. मग इथले जुने कागदी दाऊदचाचा त्यांना हौदाच्या कठड्यावर बसवून सांगतात ते असं.

फार जुनी गोष्ट. सटवाजी नावाचा म्हातारा चितारी कागद न्यायला इथे आला आणि तापाने पडला. उभा जन्म त्याने सरदारांच्या मिशा आणि घोड्यांच्या झुली रंगवल्या होत्या. डोळे शिणले होते, हात शिणला होता. आता उठूच नये, असं त्याला वाटे म्हणे. जुलेखाबी नावाच्या कागदिणीने त्याला महिनाभर पेज पाजून उठवलं. तिची सहा वर्षांची लेक शमीम आदल्याच साली देवीच्या साथीत गेली होती.

निघताना सटवाजीने विचारलं, "पोरी, तुझ्यासाठी काय करू?"

"माझी शमीम काढून द्या, बाबा. तिचा चेहरा मला आठवेनासा झालाय."

त्याने पोरीला पाहिलेलं नव्हतं. जुलेखाबी लगदा ढवळत सांगे, तो ऐकून काढी. घोटलेल्या गुळगुळीत कागदावर नाक, भुवया, कानातले डूल, सगळं रेखीव उतरे. ती हात पुसून जवळ येई, बघे आणि मान हलवी. "नाही बाबा. ही कुणा दुसरीची लेक."

असे अठरा दिवस गेले, असं सांगतात. घोटलेले कागद संपले. नवे घोटायची ताकद तिच्यात नव्हती आणि थांबायची त्याच्यात. "आहे तसाच दे," तो म्हणाला.

कच्च्या कागदावर त्याने पाण्यातला गेरू टेकवला आणि खळ नसल्यामुळे रंग पसरत सुटला. गालाची कड फुटली, केस कपाळावर ओघळले, ओढणीचा निळा मानेत शिरला. जन्मभराची सवय म्हणून तो रंग टिपायला गेला, पण बोटं उचलेनात. कुंचला खाली ठेवून तो नुसता बघत राहिला.

जुलेखाबी कधी मागे येऊन उभी राहिली, त्याला कळलं नाही. "हीच," ती म्हणाली. "एका जागी ठरायचीच नाही."

ती दिवसभर चित्र मांडीवर घेऊन बसली. ऊन उतरल्यावर उठली आणि तिने ते हौदात सोडलं. सटवाजी कळवळला. "अगं, एवढं एकच जमलं होतं."

"असं वाळवून ठेवलं तर ती तिथेच थांबेल, बाबा. तिला अडकवून नका ठेवू."

मग दोघांनी मिळून लगदा ढवळला. सटवाजी पुन्हा सरदारांकडे गेला नाही. हौदापाशीच राहिला, कच्च्या कागदावर काढत आणि सोडत, आणि थकून इथेच मेला.

आजही घोटणवाडीचा कागद उजेडासमोर धरला तर कुठेतरी निळी नाहीतर गेरवी झाक दिसते. गिऱ्हाईक तो डाग समजतं आणि कागद बदलून मागतं. इथली माणसं लगेच बदलून देतात.