खडीच्या माळावरचा ढग

त्या राज्यात ढग मोकळे नव्हते. ते कळपाने राहत. कोणत्या कळपाने कुठे उभे राहायचे, किती ढगांनी, कोणत्या प्रहरी, आणि एखादा विरून गेला तर त्याच्या जागी कोणी यायचे, हे सगळे पानांवर टाके घालून ठरवलेले असे. एका कळपाला एक पान. वारा ते पान वाची आणि वाचल्याबरहुकूम ढगांना हाकी. ढगाला स्वतःचे मन नव्हते, वाऱ्याला स्वतःचे मत नव्हते. पानात असेल तेवढे होई, नसेल ते होत नसे. इतर हजार गोष्टींवरून तिथली पाखरे एकमेकांच्या उरावर बसत, पण ढगांवरून भांडण झाल्याचे कोणाला आठवत नव्हते.

पाने शिवण्याचे काम शिंपी पक्ष्यांकडे होते. शिंपी म्हणजे चिमणीहूनही लहान, पण चोच अशी की पानाला पान जोडावे आणि शिवण दिसू नये. ही गोष्ट घडली तेव्हा पानघराचा कारभार दुरपा नावाच्या शिंपिणीकडे होता. तिला हे काम गेनबा नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याने शिकवले होते. गेनबा जाऊन बरीच वर्षे झाली होती, तरी त्याने शिवलेली निम्मी पाने अजून वाऱ्याच्या वाचनात होती.

जुन्या पानांची एक रीत होती. मधले टाके वाऱ्यासाठी, आणि कडेला रंगीत दोरे शिंप्यांसाठी. कडेच्या दोऱ्यांकडे वारा बघतही नसे. एका शिंप्याने पुढच्या शिंप्याला सांगून ठेवलेल्या त्या गोष्टी होत्या. ‘तिसरा ढग काढू नये, काढला तेव्हा ओढा आटला होता.’ ‘हा कळप हट्टी आहे, याच्याशी दुपारी बोलू नये.’ एका पानावर तर कोणीतरी प्रामाणिकपणे शिवून ठेवले होते, ‘हे असं का आहे मला माहीत नाही, पण चाललं आहे, तर चालू द्या.’ दुरपा नियमांपेक्षा या दोऱ्यांवरूनच जास्त शिकली होती, आणि एकटी असताना ती पाने चाळत बसे तेव्हा तिला घरच्या माणसांत बसल्यासारखे वाटे.

अशा पानांपैकी एक खडीच्या माळाचे होते. माळ राज्याच्या टोकाला, झाड नाही, गवत नाही, नुसते दगडगोटे. तिथे चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत रोज दुपारी एक ढग उभा राही. पाऊस पाडत नसे, पुढे सरकत नसे, नुसती सावली धरी. वरून बघणाऱ्याला वाटावे, ढग आळशी आहे. पण पानाच्या कडेला गेनबाच्या वाकड्या चोचीने हिरव्या दोऱ्यात शिवलेले होते, ‘खाली टिटव्यांची अंडी असतात. चैत्र ते ज्येष्ठ हा ढग हलवू नये. मी हलवला होता.’ टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या खडीत अंडी घालते, आणि अंडी दगडांच्याच रंगाची असतात. गेनबाने तरुणपणी रिकामा समजून तो ढग काढला, आणि त्या वर्षी माळावर एकही पिल्लू चालले नाही. हे त्याने दुरपाला तोंडाने कधी सांगितले नव्हते. तेवढे धैर्य त्याने दोऱ्यातच दाखवले होते.

मग एका कार्तिकात दिवाणांनी दुरपाला बोलावून घेतले. दिवाण म्हणजे एक धनेश पक्षी. चोच मोठी, आवाज मोठा, आणि त्या मानाने काळीज काही वाईट नव्हते.

“दुरपाबाई, आपला वारा म्हातारा झाला,” दिवाण म्हणाले. “माघ संपला की तो जाणार. नवा वारा येतोय. चपळ आहे, एका दमात शंभर कळप हाकतो म्हणतात. पण त्याला जुना टाका वाचता येत नाही. सगळी पानं नव्या टाक्यात करून घ्या.”

“चारशेबारा पानं आहेत, दिवाणसाहेब.”

“म्हणून तर कार्तिकातच सांगतोय.”

दुरपाने पहिले पान करून नव्या वाऱ्यापुढे ठेवले. मधले टाके नव्या पद्धतीने, आणि कडेचे दोरे जसेच्या तसे. नवा वारा दोऱ्याशी आला आणि थांबला. त्याला तो हुकूमही वाटेना आणि हुकूम नाही असेही वाटेना. त्याने सबंध पान परत केले. दुरपाने दोरे बारीक केले, परत. फिकट केले, परत. शेवटी तिने दोरे उसवून टाकले, तेव्हा वाऱ्याने ते पान एका दमात वाचले आणि ढग हाकूनही दाखवले.

ती तक्रार घेऊन दिवाणांकडे गेली. दिवाण म्हणाले, “वाऱ्याला जे वाचायचं नाही, ते पानावर हवंच कशाला?”

“ते वाऱ्यासाठी नव्हतंच कधी. ते आमच्यासाठी आहे.”

“मग त्याची वेगळी वही करा. चांगली जाड वही देतो. पण आधी पानं हातावेगळी करा. वही काय, नंतरही होईल.”

यात चुकीचे काय होते? काहीच नाही. ‘नंतर’ हा शब्द फार सभ्य आहे, तो कोणालाही नाही म्हणत नाही.

दुरपा शिवायला बसली. सुरुवातीला ती प्रत्येक जुन्या पानाचे दोरे वाची, हसे, हळहळे, मग पान नव्याने शिवी. दिवसाला एकच पान होई. मार्गशीर्षात तिने हिशेब मांडला तेव्हा असे करत बसल्यास पुढचा माघ उजाडेल हे तिच्या लक्षात आले. मग ती नुसते मधले टाके बघू लागली. दिवसाला तीन, मग पाच, मग सात. झालेले जुने पान बाजूला पडे, संध्याकाळी कावळे ते उचलून खताच्या खड्ड्यात टाकत. पानघरात जागा कमी होती आणि दोन्ही पाने ठेवली तर गोंधळ होतो, हेही खरेच होते.

खडीच्या माळाचे पान पौषात, एका सात पानांच्या दिवशी, तिच्या पुढ्यात आले. हिरवा दोरा दिसला आणि तिची चोच थबकली. तिने तो सबंध वाचला, पुन्हा वाचला. हे एक पान बाजूला ठेवावे, असे तिच्या मनात आले होते. पण मग तसे तर तिसावे पानही ठेवायला हवे होते, आणि शंभरावेही. “बाकीचं विसरेन एक वेळ,” ती स्वतःशीच म्हणाली, “हे मी कशी विसरेन?” आणि तिने शिवायला घेतले. एक ढग, खडीचा माळ, चैत्र ते ज्येष्ठ, दुपारचा प्रहर. टाका न टाका बरोबर आला. त्या शिवणीत आजही कोणाला चूक काढता येणार नाही. जुने पान संध्याकाळी कावळ्यांनी नेले.

माघ संपायला दोन दिवस असताना चारशेबारावे पान झाले. जुना वारा गेला, नवा आला, आणि एकही ढग जागचा चुकला नाही. दिवाणांनी भर दरबारात दुरपाला पुढे बोलावले आणि उंबराच्या पिकल्या फळांची फांदी दिली. अशी कामे होतात तेव्हा काहीतरी मोडतेच, असा सगळ्यांचा अनुभव होता. या खेपेला काही म्हणजे काही मोडले नव्हते. दुरपाला इतका आनंद झाला की ती परत येताना वाट चुकली.

वही आली. खरोखर चांगली जाड होती. दुरपाने ती फळीवर ठेवली. पहिला महिना थकवा उतरण्यात गेला. मग नव्या वाऱ्याच्या तऱ्हा समजून घेण्यात दिवस जाऊ लागले. एकदा तिने वही उघडली, तेव्हा आठवणारे दोरे पंधरा-वीसच निघाले. एवढ्यासाठी वही खराब कशाला करायची, सगळे आठवले की एकदमच लिहू, असे म्हणून तिने ती मिटली.

पहिल्या चैत्रात ढग माळावर वेळेवर उभा राहिला. पिल्ले निघाली आणि खडीतून धावू लागली. दुसऱ्या वर्षीही निघाली. आपल्या डोक्यावर काही बदलले आहे याचा टिटव्यांना पत्ताही नव्हता.

तिसऱ्या वर्षी ढग कमी पडले. दरबार भरे त्या उंबरावर ऊन येऊ लागले, आणि दरबाराला ऊन लागले की राज्यात टंचाई जाहीर होते. कुठे ढग वाया जातो आहे का ते बघायला कोतवाल निघाला. कोतवाल कामसू पक्षी होता. सबंध राज्यावरून तो उडत गेला, प्रत्येक कळप त्याने मोजला, आणि आठव्या दिवशी एक पान घेऊन पानघरात आला.

“दुरपाबाई, हा ढग दगडांवर उभा आहे.”

दुरपाने पान घेतले. टाका तिचाच होता, एकसारखा, स्वच्छ. तिने ते उलटून पाहिले. मागेही काही नव्हते.

“खाली काय आहे?” तिने विचारले.

“दगड. मी दोन घिरट्या घातल्या. नुसते दगड.”

दुरपा पानाकडे बघत राहिली. आत जाऊन उभे राहावे आणि कशाला आलो तेच आठवू नये, तसे तिला झाले. काहीतरी होते. पण चारशेबारा पानांत काहीतरी प्रत्येकच पानाला होते.

“कशासाठी तरी ठेवला असेल हो,” ती म्हणाली. “जुन्या लोकांनी उगीच नाही ठेवला.”

“असेल. पण कारण असतं तर पानावर असतं ना?” कोतवालाने हे टोचून म्हटले नव्हते. तो खरेच विचारत होता. “तुम्हीच शिवलंय. तुम्ही सांगा, राहू द्यायचा, तर मी राहू देतो.”

राहू दे म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हते, आणि कारण नसताना अडून बसणे तिच्या कामाच्या अभिमानाला शोभेना. तिने चोचीने तीन टाके उसवले आणि त्यांच्या जागी दरबाराच्या उंबराचे घातले. दुसऱ्या दिवसापासून तो ढग दरबाराच्या उंबरावर उभा राहू लागला. सगळ्यांनी सावलीत बसून कोतवालाचे कौतुक केले.

वैशाखात टिटव्या ओरडू लागल्या. टिटवीचे ओरडणे त्या राज्यात अपशकुनी मानत, म्हणून पहिल्या दिवशी दरबाराने कानांवर पंख घेतले. दुसऱ्या दिवशी एक पोपट म्हणाला, “टिटवी कधी ओरडत नाही? सावली हलली तरी ओरडते, पान पडलं तरी ओरडते.” तेही खोटे नव्हते. तिसऱ्या दिवशी दिवाण हसून म्हणाले, “टिटवी समुद्र आटवते म्हणतात. तिला उन्हाचं काय एवढं!” दरबार हसला. दुरपाही हसली. हसता हसता हिरवा दोरा तिच्या डोळ्यांपुढे आला. सबंध, वाकड्या चोचीचा, शेवटच्या तीन शब्दांसकट.

ती दरबार सोडून उडाली. पानघरात तिने उसवलेले टाके पुन्हा घातले. घाईत एक टाका तिला दोनदा घालावा लागला. पण नवा वारा दिवसातून एकदाच, पहाटे पाने वाची. कितीही चपळ असला तरी पहाटेआधी तो काही वाचणार नव्हता. दुरपाने पान जागेवर ठेवले आणि ती भर उन्हात माळाकडे निघाली.

माळावर पाय ठरत नव्हता. टिटव्या ओढ्यापर्यंत धावत जात, पोटाची पिसे भिजवून परत येत, अंड्यांवर बसत, पुन्हा धावत. ओढा लांब होता. येईपर्यंत निम्मे पाणी वाटेतच सुके. तीन दिवस हेच चालले होते, आणि आता त्यांच्यात ओरडण्याचेही त्राण फारसे नव्हते.

एक टिटवी तिच्याजवळ थांबली. “पानघरच्या ना तुम्ही? आमचा ढग गेला हो. आमचं काही चुकलं का?”

दुरपाने येताना बोलायचे पुष्कळ ठरवले होते. वारा, टाके, वही, दिवाण, सगळे. ते सगळे तिने बाजूला ठेवले.

“तुमचं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “माझं चुकलं. उद्या येईल ढग.”

“उद्या,” टिटवी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दुरपाला सोसवेना. “यातली जिवंत किती आहेत, ते आताच नाही कळायचं. आम्ही बसतोय आपल्या.” आणि ती ओढ्याकडे धावली.

दुरपा माळाच्या त्या टोकाला गेली, जिथे एकही टिटवी नव्हती. तिथे खडीत ठिपक्यांचे, मातकट, गोलसर असे काहीतरी तिला दिसले. जवळ कोणी आई नव्हती. कदाचित पाण्याला गेली असेल, कदाचित परत येणार नसेल. दुरपा त्याच्यापाशी उभी राहिली आणि तिने दोन्ही पंख पसरले. एखाद्या लहानशा पानाएवढी सावली पडली. ऊन सरके तशी ती सरके, म्हणजे सावली जागची हलू नये. तिची चोच उघडी पडली, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, पण तिने पंख खाली आणले नाहीत. ढग एक वेळ काढता येतो, तिला कोण काढणार होते?

ऊन कलायला लागले तेव्हा मघाची टिटवी भिजल्या पोटाने तिच्या बाजूने चालली होती. ती थबकली. दुरपाकडे आणि तिच्या पंखांखाली तिने पाहिले.

“शिंपीणबाई,” ती हलकेच म्हणाली, “तो दगड आहे.”

आणि पोटावरचे पाणी सुकण्याआधी पोचायचे म्हणून ती पुढे धावली. दुरपा पंख तसेच पसरून उभी राहिली. तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. माळ दूरवर पसरला होता, आणि जिथवर नजर जाईल तिथवर सगळे तसेच होते, ठिपक्यांचे, मातकट, गोलसर.